धान्यही श्वास घेतें



“अमक्या गोष्टीचें पेव फुटलें” असें आपण बोलतांना सहज म्हणून जातों. परंतु शहरांत वाढलेल्यांपैकीं फारच थोड्यांनीं खरें पेव पाहिलें असेल. पेव म्हणजे धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत खणलेली खोल बळद. तोंड लहान आणि पोट मोठें. आंत कडबा लावून त्यांत ज्वारी भरावयाची, वर माती दाबून तोंड बंद करावयाचें, आणि गरज पडेल तेव्हां, कित्येकदां वर्षादोन वर्षांनीं, तें उघडावयाचें. आतां कोठारें आलीं, पोतीं आलीं आणि पेवें बुजलीं. पण खेड्यांतल्या जुन्या माणसांस विचारा. एक गोष्ट तीं हटकून सांगतील. पेव उघडल्याबरोबर आंत उतरावयाचें नाहीं. तोंड मोकळें करून तें बराच वेळ तसेंच राहूं द्यावयाचें, आंतला ‘वाफारा’ जाऊं द्यावयाचा, आणि मगच माणूस खालीं सोडावयाचा. ज्यांनीं घाई केली, त्यांतले कांहीं पुन्हां वर आले नाहींत. आंत साप नव्हता, कोणी विष कालविलेलें नव्हतें. आंत होती ती केवळ ज्वारी.

ज्या धान्यावर माणूस जगतो त्याच्याच शेजारीं तो कसा मरतो? आजच्या भाषणांत ह्या एका प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें आहे. शोधतां शोधतां श्वासाची सारी हकीकत हातीं येते. आणि ती हातीं आली म्हणजे असें दिसून येतें कीं, हा प्रश्न गांवच्या पेवाबरोबर बुजलेला नाहीं. तो आज शहरांतील न्हाणीघरांत आणि गटारांच्या तोंडाशीं उभा आहे.

प्रथम आपण स्वयंपाकघरांत जाऊं. मोड आणण्यासाठीं मटकी भिजवून, निथळून, फडक्यांत घट्ट बांधून ठेविलेली असते. दुसऱ्या दिवशीं ती गांठ सोडतांना दाण्यांच्या मधोमध बोट घालून पाहा; ऊब लागेल. ती पुरचुंडी कोणी चुलीजवळ ठेविलेली नसते. मग ही ऊब आली कोठून? ती दाण्यांनींच उत्पन्न केली. कोंब वाढवावयाचा तर शक्ति हवी, आणि त्या शक्तीसाठीं दाणा आपल्या पोटांतला सांठा हळूहळू जाळीत असतो.

‘जाळणें’ हा शब्द मीं अलंकार म्हणून योजिलेला नाहीं. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिसमध्यें लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ आणि लाप्लास हा गणिती ह्या दोघांनीं एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला. त्याच्या अंगच्या उष्णतेनें बर्फ किती वितळला, तें त्यांनीं पाण्याच्या वजनावरून ठरविलें. असा प्राणी कर्बवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, किती बाहेर टाकतो, तेंही त्यांनीं मोजलें. मग तितकाच कर्बवायु उत्पन्न करणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतो, हें पाहिलें. दोन्ही आंकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. तेव्हां श्वसन म्हणजे ज्योतीवांचून, धुरावांचून, सावकाश चाललेलें ज्वलनच होय, असा निष्कर्ष त्यांनीं काढला, आणि तो मुख्यतः बरोबर होता. एकाच बाबतींत लाव्हाझिए चुकला. ही चूल फुप्फुसांत असावी, अशी त्याची समजूत होती. ती तेथें नाहीं, हें एकोणिसाव्या शतकांतील संशोधकांनीं दाखविलें. फुप्फुस हें केवळ घराचें दार आहे. चूल पेटते ती आंत, शरीराच्या प्रत्येक पेशींत; तांबड्या रक्तकणांसारखे अपवाद थोडे.

पेशींतील ही चूल मोठ्या हिशेबाची आहे. लांकूड पेटतें तेव्हां सर्व शक्ति एकदम भडकून निघून जाते. पेशीला तसें करून चालत नाहीं. तिची राख होईल. म्हणून तंतुकणिका नांवाच्या अतिसूक्ष्म भागांत अन्नांतील हायड्रोजन, घाटांतून गाडी वळणें घेत उतरावी त्याप्रमाणें, पायरीपायरीनें खालीं आणिला जातो. अगदीं शेवटच्या पायरीवर प्राणवायु उभा असतो. तो हायड्रोजनास आपल्यांत घेतो आणि दोघांचें पाणी होतें. अन्नांतील कर्ब तत्पूर्वींच कर्बवायु होऊन बाहेर पडलेला असतो. वाटेंत सुटलेली शक्ति ‘एटीपी’ नांवाच्या द्रव्यांत बांधून ठेविली जाते. हें द्रव्य १९२९ सालीं दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सांपडलें: जर्मनींत कार्ल लोमान ह्यांना, आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के व आपल्या आंध्रांतून तेथें गेलेले यल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांना. एटीपी हें शरीराचें चलनी नाणें आहे. स्नायु हलवावयाचा असो, मेंदूंतून निरोप धाडावयाचा असो, हेंच नाणें मोडावें लागतें. आणि तें सांठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळें क्षणोक्षणीं नवें पाडावें लागतें. आतां लक्षांत घ्या कीं, शेवटच्या पायरीवर प्राणवायु हजर नसेल तर काय होईल? शेवटच्या स्टेशनांत गाडी अडली म्हणजे मागच्या साऱ्या गाड्या रुळांवर खोळंबतात, तसेंच होतें. टांकसाळ बंद पडते. मेंदूचें वजन शरीराच्या केवळ पन्नासाव्या हिश्शाइतकें. पण विश्रांतींत लागणाऱ्या प्राणवायूचा पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. म्हणून पहिली झळ त्यालाच लागते.

ही आंतली चूल मटकींत, माशांत, झुरळांत, पिंपळांत व आपल्यांत जवळजवळ एकसारखी आहे. निराळीं आहेत तीं दारें. माशाचें दार म्हणजे कल्ले. एक लिटर हवेंत सुमारे २१० घनसेंटिमीटर प्राणवायु असतो. एक लिटर पाण्यांत विरघळलेला असा फार तर सहासात. एवढ्या दारिद्र्यांत संसार करावयाचा म्हणून कल्ल्यांत पाणी एका दिशेनें व रक्त त्याच्या उलट दिशेनें वाहतें, आणि पाण्यांतला बहुतेक प्राणवायु रक्तांत ओढला जातो. मासा पाण्याबाहेर काढला कीं कल्ल्यांच्या नाजूक पात्या एकमेकींस चिकटतात, आणि प्राणवायूच्या सागरांत तो बिचारा गुदमरून मरतो. किड्यांनीं रक्ताची मध्यस्थीच टाळिली आहे. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंस बारीक छिद्रें असतात, आणि त्यांतून निघालेल्या नळ्या हवा थेट पेशींपर्यंत पोहोंचवितात. झुरळाचें डोकें तुटलें तरी तें कित्येक दिवस जगूं शकतें, ह्याचें एक कारण हेंच. नाक त्याच्या डोक्यावर नसतेंच. बेडूक फुप्फुसांनीं श्वास घेतो व ओल्या कातडीनेंही घेतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांत हवा आपल्याप्रमाणें आंतबाहेर न होतां एकाच दिशेनें वाहत राहते. पट्टकादंब नांवाचा हंस हिवाळ्यांत हिमालय ओलांडून आपल्याकडे, पैठणजवळच्या नाथसागरापर्यंत येतो. ह्या जातीचे पक्षी ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडतांना नोंदले गेले आहेत. तेथें समुद्रसपाटीच्या मानानें निम्माही प्राणवायु मिळत नाहीं!

झाडांबद्दल मात्र सुशिक्षितांतही एक घोटाळा आढळतो. झाडें दिवसा प्राणवायु सोडतात व रात्रीं कर्बवायु सोडतात, असें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. खरी गोष्ट अशी कीं, झाड श्वास दिवसाही घेतें आणि रात्रींही घेतें. दिवसा सूर्यप्रकाशांत अन्न तयार करण्याचें त्याचें दुसरें काम जोरांत चालतें, आणि त्यांतून सुटणारा प्राणवायु श्वासाला लागणाऱ्या प्राणवायूहून पुष्कळ अधिक असतो, एवढेंच. प्रकाश नसेल तर हें दुसरें काम थांबतें. पिंपळही ह्याला अपवाद नाहीं, आणि रात्रीं तो प्राणवायु सोडीत नाहीं. पण त्याबरोबरच रात्रीं खोलींत कुंड्या ठेवण्यास भिण्याचेंही कारण नाहीं. त्या सर्व कुंड्या मिळून जेवढा प्राणवायु घेतात त्याच्या कितीतरी पट अधिक शेजारीं निजलेला माणूस घेत असतो. मुळांनाही श्वास लागतो. ठाण्याच्या खाडीकांठीं चिखलांतून पेन्सिलींसारखीं हजारों टोंकें वर आलेलीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांनीं तिवरांचीं नाकेंच पाहिलीं. खाडीच्या गाळांत प्राणवायु नसतो. म्हणून हीं मुळें वर येऊन हवा खालीं नेतात.

आतां आपलें दार पाहूं. फुप्फुसांना स्वतःचे ओढून घेणारे स्नायु नाहींत. छाती व पोट ह्यांमधला घुमटासारखा पडदा खालीं सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आणि बाहेरची हवा आपोआप आंत शिरते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला बारा ते अठरा वेळां, दर वेळीं सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. आंत जातांना तींत शेंकडा २१ प्राणवायु असतो. बाहेर येतांना १६ च्या आसपास. म्हणजे आपण घेतलेल्या प्राणवायूपैकीं बराचसा तसाच परत करतों. ही देवघेव वायुकोशांत होते. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटी आहेत, आणि त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर एखादा प्रशस्त ब्लॉक व्यापतील. वायुकोशांतली हवा आणि केशवाहिनींतलें रक्त ह्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाइतकें अंतर असतें.

एवढा पातळ पडदा ओलांडून प्राणवायु रक्तांत जातो कशानें? सारें मर्म येथें आहे. त्याला कोणी ढकलीत नाहीं, कोणी निवडून घेत नाहीं. जेथें अधिक तेथून जेथें कमी तिकडे वायु आपोआप जातो. दुसरा नियम नाहीं. हवेंत अधिक आहे आणि शरीर फिरून आलेल्या रक्तांत कमी आहे, म्हणून तो रक्तांत शिरतो. कर्बवायूचें नेमकें उलट. म्हणून तो बाहेर पडतो. दाराला आपपर नाहीं आणि दिशाही नाहीं.

ह्या नियमाचें भयंकर अंग पेवांत दिसतें. बंद पेवांतली ज्वारी, तिच्यावरची बुरशी व तींतले किडे हे सारे श्वास घेत राहतात. प्राणवायु संपत येतो, कर्बवायु सांचतो. त्यानें पुढें किडेही मरतात. धान्य टिकतें तें ह्याच कारणामुळें. ज्या युक्तीनें कीड मरते तिच्यांतच माणूस उतरतो. तो श्वास रोखून उतरला असता तर कदाचित् मिनिटभर निभावला असता, कारण आपल्या फुप्फुसांत, रक्तांत व स्नायूंत मिळून लिटर-दीड लिटर प्राणवायूची शिदोरी असते. पण तो श्वास घेतो. वायुकोशांत आतां प्राणवायु जवळजवळ नाहीं, आणि रक्तांत अजून थोडा आहे. अधिकाकडून कमीकडे! म्हणजे त्या श्वासानें प्राणवायु आंत येत नाहीं. होता तोच रक्तांतून बाहेर निघून जातो. असे दोनतीन श्वास, आणि दहापंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. कर्बवायु दाट असेल तर तोही गुंगी आणतो. ओरडावयास वेळ मिळत नाहीं.

तुम्ही विचाराल कीं, माणसाला आधीं गुदमरल्यासारखें होत नाहीं काय? ह्याचें उत्तर १८७५ सालच्या एका दुर्घटनेंत आहे. त्या वर्षीं १५ एप्रिल रोजीं ‘झेनिथ’ नांवाच्या विमानांत, म्हणजे वायूच्या फुग्यांत, बसून तीन फ्रेंच गृहस्थ पॅरिसहून आकाशांत चढले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या अगदीं हाताशीं होत्या. ८,००० मीटरांच्या सुमारास ते तिघेही बेशुद्ध पडले, आणि फुगा खालीं आला तेव्हां त्यांतला एकटा तिसांदिए जिवंत होता. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल हे दोघे मरण पावले होते. वर असतांना यातना मुळींच झाल्या नाहींत, उलट मनाला एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असें तिसांदिएनें पुढें लिहून ठेविलें. पिशवीची नळी तोंडांत धरावी, एवढेंही त्याच्या हातून झालें नाहीं.

असें कां व्हावें, ह्याचा उलगडा १९०५ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन व प्रीस्टली ह्यांनीं केला. (ह्या हॉल्डेनचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) श्वासाची गति मुख्यतः प्राणवायूच्या तुटीवर ठरत नसून कर्बवायूच्या सांठ्यावर ठरते, असें त्यांनीं दाखविलें. श्वास रोखला म्हणजे जी तळमळ होते ती कर्बवायु सांचल्याची. तो बाहेर पडत राहिला तर प्राणवायु किती उतरला ह्याची शरीरास चटकन् दाद लागत नाहीं. २०२० व २०२१ सालच्या महामारींत आपण हें घरोघरीं पाहिलें. रोगी बोलत आहे, चहा पीत आहे, आणि बोटाला लावलेल्या यंत्राचा आंकडा मात्र धोक्याच्या खालीं गेलेला आहे. रोगी खोटें बोलत नव्हता. त्याची घंटाच वाजली नव्हती.

ह्यावरून श्वासाचे तीन टप्पे ध्यानांत येतील: दार, वाहक आणि चूल. पेवांत दार दगा देतें. दुसऱ्या टप्प्यावरचा घात थंडीच्या रात्रीं बंद खोलींत पेटविलेली कोळशाची शेगडी करते, आणि आजकाल खिडकी नसलेल्या न्हाणीघरांतील गॅसचा गीझर करतो. हवा अपुरी पडून ज्वलन अर्धवट झालें कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन हा प्राणवायूचा हमाल. पण ह्या वायूला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून बसतो. खोलींत प्राणवायु असतो, फुप्फुसें हलत असतात, आणि हमालांचे हात मात्र दुसऱ्याच ओझ्यानें गुंतलेले. बोटाच्या यंत्रालाही हा फरक कळत नाहीं. तें आंकडा चांगलाच दाखवितें. खाणींत कॅनरी पक्षी न्यावे ही सूचना ह्या हॉल्डेनचीच. तो पक्षी माणसाच्या आधीं कोसळे व खाणकामगार सावध होत. ब्रिटनच्या खाणींत ही रीत १९८६ पर्यंत चालू होती.

तिसरा घात भुयारी गटारांत व मैल्याच्या टांक्यांत होतो. तेथें प्राणवायु कमी असतोच. शिवाय कुजलेल्या मळांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो थेट पेशींतली चूल विझवितो. शेवटच्या पायरीवर प्राणवायूचा हात हायड्रोजनाला लागूं देत नाहीं. थोडा असतांना त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. पण तो वाढला म्हणजे वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटतें कीं घाण गेली.

विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत तुम्हांस ठाऊक असेल. कंदील विझला तर उतरूं नये, हें अगदीं खरें. पण कंदील जळत राहिला म्हणून धोका नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं; कारण हे दोन विषारी वायु ज्योत विझविण्याइतके नसतांनाही माणसास मारण्याइतके असूं शकतात. आणि गटारांत तर उघडी ज्योत नेणें हेंच संकट, कारण तेथला वायु पेट घेतो.

शेवटीं ज्यासाठीं हें सारें सांगितलें तें सांगतों. अशा अपघातांच्या बातम्यांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां वाचावयास मिळते. एक माणूस टांकींत उतरतो व पडतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा; कधीं भाऊ, कधीं बाप. मरतात ते सगळे. ते मूर्ख नसतात. खालीं पडलेल्यास घेरी आली असेल, आपण धट्टेकट्टे आहों, क्षणभर गेलों तर काय होणार, असें त्यांना वाटतें. पण दार सर्वांचें सारखेंच आहे, आणि तिथल्या पहिल्याच श्वासानें तें उलटें वाहूं लागतें. धैर्यानें तो नियम बदलत नाहीं. म्हणून आंत कोणी पडला तर आपण उतरूं नये. अग्निशामक दलास बोलवावें, वरून मोकळी हवा सोडावी, दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढावें. श्वासाचें साहित्य पाठीवर घेतलेल्या मनुष्यानेंच खालीं जावें. संरक्षणाच्या साधनांवांचून कोणासही गटारांत वा मैल्याच्या टांकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे, आणि अशा मृत्यूबद्दल कुटुंबास ३० लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं सांगितलें. परंतु टांकी आपल्या इमारतीची असते आणि माणसाला बोलावणारे आपणच असतों. थोडक्या पैशांत काम उरकतें म्हणून ज्याला आपण खालीं उतरवितों, त्याच्या पेशींतील चूल आपल्या चुलीहून निराळी नाहीं.

उद्यां मटकीची पुरचुंडी सोडतांना बोटाला ऊब लागेल, तेव्हां एवढें आठवा: जें जें उबदार आहे तें तें कोठल्या तरी हवेचें देणें लागतें. त्या हवेची चौकशी आधीं करावी, श्वास नंतर घ्यावा.